सुभद्राताई हसल्या

कोराडी, वीज केंद्र वसाहत
५ डिसेंबर २०२३

सौ. सुभद्राताई,

नमस्कार लिहीत नाही. मनात नाही तो कागदावर कशाला आणू?

तेरवी होईपर्यंत गप्प राहिले, कारण घरात पाहुणे होते. तुमचा नंबर मी फोनमध्ये ब्लॉक केला आहे, तो तसाच राहील. तुमचा आवाज ऐकायची माझी इच्छा नाही. पण मला जे सांगायचं आहे ते तुम्हाला कळलंच पाहिजे, म्हणून लिहिते आहे.

तुमचा सख्खा भाऊ क्वार्टरच्या अंगणात शेवटचा निजला होता. अपेक्षा बापाच्या पायाशी बसून रडत होती. शोभाताई माझ्या बांगड्या काढायला आल्या. मी नको म्हणत होते. ह्यांनी जन्मभर असल्या रीती मानल्या नाहीत. चुलत जाऊ म्हणून त्यांचा मान ठेवला आणि हात पुढे केला. पहिली बांगडी पायरीवर फुटली, आणि तुम्ही हसलात.

चुकून आलेलं हसू नव्हतं ते. पदर तोंडात कोंबूनही थांबलं नाही. खांदे हलत होते तुमचे. दुसरी बांगडी फुटली तेव्हा आणखी जोरात. रडणाऱ्या बायका गप्प झाल्या आणि तुमच्याकडे बघायला लागल्या. ह्यांच्या हाताखालचा रजत, तो पोरगा दुसऱ्या दिवशी मला विचारतो, “मॅडम, त्या साहेबांच्या सख्ख्या बहीण होत्या का?” काय सांगणार होते मी त्याला?

मला माहीत आहे तुम्ही का हसलात. लग्न होऊन आले तेव्हापासून मी तुम्हाला नको होते. मास्तरीण आणली, हिच्या हातची भाकर कोण खाईल, असं मांडवातच म्हणाला होतात. माझं कुंकू गेलं त्या दिवशी तुमचं मन भरलं असेल.

अपेक्षाचं लग्न फेब्रुवारीत ठरल्याप्रमाणेच होईल. ह्यांनी स्वतः जमवलेलं आहे, ते मी मोडणार नाही. तुमच्या यजमानांनी, वामनराव भाऊजींनी यावं, तुमच्या आयुषनं यावं. तुम्ही येऊ नये.

कामिनी


लकडगंज, नागपूर
९ डिसेंबर २०२३

कामिनी,

तुहं पत्र आमच्या लाकडाच्या आरामशीनवर आलं. नोकरानं आणून देल्लं तेव्हा घरात दोन गिऱ्हाईकं बसून होते. नणंदेले गाळी द्यायच्या होत्या त घरी येऊन द्यायच्या होत्या. दहा-पंधरा मैलावर राहून पोस्टानं काहून पाठवतं?

व्हय, हासली मी. मले धर्मेंद्रचं लहानपण आठवलं. गावात बांगडीवाला आल्ता अन् हा चार वर्साचा पोट्टा त्याच्या टोपलीत जाऊन बसला. सारा माल फुटला. आई त्याच्यामागं काठी घेऊन गावभर धावली. बांगडी फुटल्याचा आवाज आला अन् मले तेच दिसलं. भाऊ माहा होता, आठवण माही होती. तुले त्यात काहून मिरची लागली?

अन् आता माहं ऐक. मी हासली ते साऱ्यायनं पाह्यलं. तू रडली नाही ते कोणीच बोललं नाही. नवरा अंगणात अन् तू आयुषले सांगून राहिली, “स्कूटर सावलीत लाव, सीट तापते.” दुधाची पिशवी फ्रिजमध्ये ठेवली का म्हणून दोनदा विचारलं तू. माह्या कानानं ऐकलं. डोळ्यात टिपूस नाही. ज्या बाईले नवऱ्यासाठी रडू येत नाही तिनं दुसऱ्याच्या हासण्याचा न्याय करू नये.

लग्नाले बोलावलं नाही म्हणून मी काही मरून नाही राहिली. अपेक्षा माह्या भावाची पोरगी आहे. तिचा माहा संबंध तुह्या पत्रिकेवर चालत नाही.

सुभद्रा


कोराडी
१४ डिसेंबर २०२३

सौ. सुभद्राताई,

बांगडीवाल्याची गोष्ट छान रचलीत. पण मग तेरवीच्या दिवशी काय आठवलं होतं? गुरुजी ह्यांचं नाव घेऊन पाणी सोडायला सांगत होते आणि तुम्ही भिंतीकडे तोंड करून हसत होतात. आणि दवाखान्यात? ह्यांना भरती केलं त्या संध्याकाळी नर्स बाहेर येऊन म्हणाली, आता बरं आहे, बोलत आहेत. हे ऐकून तुम्ही असा हंबरडा फोडलात की पायऱ्या चढून येणारी अपेक्षा तिथेच खाली कोसळली. तिला वाटलं, बाबा गेले. तुमचा भाऊ जिवंत आहे म्हटल्यावर तुम्ही रडलात आणि मेल्यावर हसलात. ह्याला कोणती आठवण पुरेल?

माझ्या डोळ्यांतल्या पाण्यावर तुम्ही पाळत ठेवू नका. नाही रडले. का नाही रडले ते मला ठाऊक नाही. ठाऊक असतं तरी तुम्हाला सांगितलं नसतं.

आणखी एक. परवा अपेक्षा मैत्रिणीबरोबर इतवारीत साड्या बघायला गेली होती. तिथे एका दुकानात तुम्ही दिसलात. दुकानदारानं विचारलं, “आजी, हिरवा दाखवू का जांभळा?” आणि तुम्ही हुंदके देऊन रडायला लागलात. ती जवळ येईपर्यंत तुम्ही रिक्षात बसून निघूनही गेलात. घरी येऊन म्हणते, “आई, आत्याला काहीतरी झालं आहे.” मी तिला सांगितलं, काही झालेलं नाही. लोकांनी हसण्याबद्दल नावं ठेवली म्हणून आता चारचौघांत रडून दाखवत आहेत.

नाटक करायचं तर जरा वेळ बघून करावं.

कामिनी


लकडगंज
२ जानेवारी २०२४

कामिनी,

तुह्या पोरीले माह्यामागं चौकशीले पाठवू नको. काल ती घरी आल्ती. यायनं, तुह्या वामनराव भाऊजीनं, दारातूनच परत पाठवली, आत्या झोपली आहे म्हणून. मी झोपली नव्हती. मीच त्यायले तसं सांगायले लावलं.

मले काही झालं नाही. मी कुठंच जात नाही. देवळात जात नाही, हळदीकुंकवाले जात नाही. घरात आरामशीनचा आवाज राह्यते, तेवढ्यात माहं सारं निभून जाते. तुमचं कोणाचंच मले काम नाही.

अन् तू काळजी करू नको, मी लग्नाले येत नाही. मी आली त तुह्या पोरीचं लग्न नासल्याशिवाय राहणार नाही, हे मले पक्कं माहीत आहे.

आता लिहू नको.

सुभद्रा


कोराडी
६ जानेवारी २०२४

सौ. सुभद्राताई,

लग्न नासल्याशिवाय राहणार नाही. हे तुम्ही स्वतःच्या हातानं लिहिलंत. मी ते शोभाताईंना दाखवलं. त्यांनीही दोनदा वाचलं आणि कपाळाला हात लावला. एकुलत्या एका भाचीला तिच्या लग्नाआधी असं बोलणारी आत्या मी पाहिली नव्हती.

नाही म्हटलं तरी मला वाटत होतं की माफीचा एखादा शब्द येईल. तुम्ही धमकी पाठवलीत.

आता स्पष्ट ऐका. मानकापूरला हॉलच्या फाटकावर रजत उभा राहील. तुमचा फोटो मी त्याला दाखवून ठेवला आहे. आत्याचा मान शोभाताई घेतील. तुम्ही आलात तर चारचौघांत बाहेर काढीन, वामनराव भाऊजींचंही तोंड बघणार नाही. मी मास्तरीण आहे, वर्गातून बाहेर काढायची मला सवय आहे.

कामिनी


लकडगंज
१५ फेब्रुवारी २०२४

कामिनी,

लग्न होऊन चार दिवस झाले. तू काल शोभाच्या हातून लाडू-शेवेचा डब्बा पाठवला, वर चिठ्ठी का “ताई, झालं गेलं विसरू.” डब्बा मी ठेवून घेतला. चिठ्ठी वापस पाठवून राहिली आहे. काहून, ते वाच.

मी येणार नव्हती. अपेक्षानं आणलं मले. हळद लागलेली नवरी, सकाळी सकाळी ऑटोनं लकडगंजात आली अन् यायले म्हणाली, “फुफाजी, बाजूला व्हा, मी आत्याले न्यायले आली.” मले म्हणाली, “हासायचं त हास, रडायचं त रड, पण माह्या मागं उभी राह्य.” तिच्या पुढं कोणाचं चालते? फाटकावरच्या पोट्ट्यानंही नवरीले पाहून मान खाली घातली.

मंगलाष्टकं सुरू झाले अन् माहं रडणं सुरू झालं. साऱ्या हॉलनं पाह्यलं. शोभा म्हणाली, “बापाच्या जागी आत्या रडून राहिली, पहा कसा जीव आहे.” बायकांनी पाठीवरून हात फिरवले. तू सुद्धा मांडवातून उतरून पाण्याचा गिलास घेऊन आली. माह्या डोक्यावर हात ठेवला अन् म्हणाली, “पुरे ताई, पुरे.” इतक्या वर्सात तू मले पहिल्यांदा हात लावला.

तेव्हा माह्या मनात काय होतं ते सांगू? मी खुश होती. पोरगी पिवळ्या शालूत अशी दिसत होती का माहं मन नाचत होतं. मले हासायचं होतं. अन् रडणं येऊन राहिलं. थांबवलं त आणखी जोरानं. ज्या रडण्यावर तू मले माफ केलं ते रडणं माहं नव्हतं.

तसंच अंगणातलं हासणं माहं नव्हतं. बांगडीवाल्याची गोष्ट मी बनवून सांगतली. धर्मेंद्र कधी कोणाच्या टोपलीत बसला नाही. तुह्या हातातली बांगडी फुटली तेव्हा माह्या आत नुसती बोंब होती, माहा भाऊ गेला, माहा भाऊ गेला. तोंडातून हासू निघालं. मी पदर चावला, जीभ चावली, रक्त आलं. हासू बंद झालं नाही.

हे नवरात्रापासून आहे. अष्टमीले हातातला चहाचा कप सुटला, डावा हात जड पडला, बोलणं दोन दिवस बोबडं झालं. उपासानं झालं असन म्हणून कोणाले सांगतलं नाही. त्यानंतर हे सुरू झालं. यायनं एका बाबाकडं नेलं. त्यानं अंगारा देल्ला अन् म्हणाला, मेलेली सवत हासते. मले सवत नव्हतीच कधी. मग हे म्हणाले, “घरात राह्य अन् कोणाले बोलू नको. आयुषचं रितिकाशी जमून राहिलं आहे, माय पागल आहे म्हटलं त ते लोक उठून जाईन.” म्हणून मी गप्प. लग्न नासन लिहिलं ते याच्यासाठी. सप्तपदीत हासू आलं असतं त काय केलं असतं मी?

तुले धमकी वाटली. तुले माह्याबद्दल दुसरं काही वाटूच शकत नाही.

त आता ठरव. ते रडणं माहं धरशीन त हासणंही माहं धर, अन् पहिल्यासारखी गाळी दे. खोट्या आसवांवर मिळालेली माफी मले नको. मी भिकारीण नाही.

सुभद्रा


कोराडी
२० फेब्रुवारी २०२४

सौ. सुभद्राताई,

म्हणजे तुम्ही मला दोनदा मूर्ख बनवलंत.

डिसेंबरात एक ओळ लिहिली असतीत, की कामिनी, मला काहीतरी होतं आहे, तर? ती ओळ लिहिण्याऐवजी तुम्ही बांगडीवाला रचलात. मला दगड ठरवलंत. ते हसू माझ्या कानातून जाईना. शाळेत पोरी नुसत्या खिदळल्या तरी मी त्यांच्यावर ओरडत होते. माझ्या नवऱ्याचं दुःख करायचं सोडून मी तुमचा राग करत बसले. ते दिवस मला कोण परत देणार आहे?

तुम्ही विचारलं होतं ना, मी का रडले नाही? ऐका. संक्रांतीनंतर सहावीच्या वर्गात शिकवत होते. एक मुलगी म्हणाली, “बाई, तुमच्या साडीचा फॉल उसवला आहे.” आणि मी फळ्याला टेकून रडायला लागले. तास संपेपर्यंत रडले. पोरी घाबरून हेडबाईंना घेऊन आल्या. नवरा गेला तेव्हा नाही, साडीच्या फॉलसाठी रडले मी. माझा तर कप सुटला नव्हता, हातही जड झाला नव्हता. मला कोणत्या बाबाकडे नेता?

अंगारा नालीत टाका. रामदासपेठेत मेंदूचे डॉक्टर आहेत, माझ्या हेडबाईंच्या भावाला त्यांनीच बरं केलं. पुढच्या बुधवारची वेळ घेतली आहे. सकाळी मी ऑटो घेऊन आरामशीनसमोर येईन. तयार राहा. वामनराव भाऊजी आडवे आले तर रितिकाच्या घरी मीच फोन करीन आणि सगळं सांगीन, हे त्यांना सांगून ठेवा.

ऑटोमध्ये माझ्याशी बोलू नका. माफी परत घेतली आहे.

कामिनी


कोराडी
८ मार्च २०२४

सौ. सुभद्राताई,

रिपोर्टच्या दिवशी डॉक्टर बोलत असताना तुम्ही भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत बसला होतात. म्हणून ते काय म्हणाले ते लिहिते आहे. भाऊजींना मोठ्यानं वाचून दाखवा.

नवरात्रात तुम्हाला लहानसा झटका येऊन गेला. लकव्याचाच प्रकार, पण हलका. हात सुधारला, बोलणं सुधारलं, पण मेंदूत हसण्या-रडण्याला लगाम घालणारी जी जागा असते तिला इजा झाली. त्यामुळे मनात एक असतं आणि चेहऱ्यावर भलतंच येतं, आणि आलं की आवरत नाही. हे वेड नाही. कोणाची सवत नाही. गोळ्यांनी पुष्कळ कमी होतं, कदाचित पूर्ण जाणार नाही. रक्तदाबाची गोळी एक दिवसही चुकवायची नाही, नाहीतर पुढचा झटका हलका नसेल. आयुषला मी फोन करून सगळं सांगितलं. तो म्हणाला, “मामी, रितिकाले मी स्वतःच सांगतो.” तुमच्यापेक्षा तुमचा मुलगा धीट आहे.

एक गोष्ट मात्र मनात पक्की ठेवा. डॉक्टरांनी तुमच्या हसण्याला नाव दिलं, ते मी मान्य केलं. अंगणातलं हसू मी तुमच्या नावावरून काढून टाकलं. पण मांडवात म्हणालात ते, माझ्या आईला दारात उभं ठेवलंत ते, अपेक्षा झाली तेव्हा “पोट्टीच झाली का” म्हणून बाळ न बघता परत गेलात ते, तेव्हा तुमचा मेंदू ठणठणीत होता. त्याला कोणत्याही डॉक्टरकडे नाव नाही. ते सगळं तुमच्याच नावावर आहे आणि राहील.

पुढची तारीख पंधरवड्यानं. मी येईन.

कामिनी


लकडगंज
१३ मार्च २०२४

कामिनी,

यायले वाचून दाखवलं. मान खाली घालून ऐकलं अन् कारखान्यात निघून गेले. संध्याकाळी गोळ्यांचा डब्बा घेऊन आले, सोमवार-मंगळवार लिहिलेला.

तू जे माह्या नावावर ठेवलं ते मी खोडून नाही मागत. राहू दे. मीही तुहं काही विसरली नाही. आईच्या बिमारीत परीक्षेचे पेपर तपासायचे आहे म्हणून तू आली नव्हती. तेही राहू दे.

फक्त त्या बुधवारचं लिहिते म्हटलं.

आपण बाहेर बाकड्यावर बसून होतो. माह्याशी बोलू नका म्हणून तू पर्स मधात ठेवून बसली. समोर एका लहान्या पोरीले सुई टोचली, ती किंचाळली, अन् मले हासू आलं. मले त्या लेकराची कीव येऊन राहिली होती अन् मी खो खो हासून राहिली. तिची माय अंगावर धावून आली. “शरम नहीं आती क्या आपको? बच्ची रो रही है और आप हँस रही हो?” सारे लोक पाहून राहिले होते. मी उठून पळणार होती. पायात चप्पल सापडत नव्हती.

तू उठली. मले वाटलं, आता ही दोघी मिळून मले बोलणार. तू त्या बाईच्या अन् माह्या मधात उभी राहिली अन् वर्गात ओरडतं तशी ओरडली, “बीमार है वो. मेरी ननंद है. जो बोलना है मेरेको बोलो.” ती बाई गप्प झाली तरी तुहं थांबेना. कंपाउंडरनं येऊन हात जोडले. मग तू खाली बसली अन् वाकून माही चप्पल बाकड्याखालून काढून माह्या पायापाशी सरकवली. माह्याकडं पाह्यलंसुद्धा नाही.

तुले सांगते, नवरात्रापासून माहं तोंड कधी मनाचं ऐकत नाही. पण त्या वेळी हासू आलं नाही अन् रडूही आलं नाही. तोंड नुसतं कोरं राहिलं. आत जे झालं ते सारंच्या सारं आतच राहिलं, माह्यापाशी.

ते काय होतं, ते मी तुले सांगत नाही.

पंधरवड्यानं ये. मी खाली उभी राहीन, वर येऊ नको.

सुभद्रा